सभेच्या नोटिसा अडकल्या त्याबद्दल

नमस्कार मॅडम. तुमच्या पतसंस्थेच्या ११४० सभासदांना वार्षिक सभेची नोटीस पाठवताना आम्ही सुरू करून दिलेलं गुगल वर्कस्पेसचं (संस्थेच्या नावाने मेल चालवायच्या गुगलच्या सेवेचं) खातं मध्येच अडकलं, त्यानंतर दिवसभर एकही मेल बाहेर गेला नाही. "२००० ची मर्यादा सांगून ५०० चं खातं गळ्यात मारलं," असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग रास्त आहे, चूक आमची आहे.

दिवसाला बाहेरच्या २००० पत्त्यांचा आकडा खरा, पण तो तुमच्या खात्याला अजून लागूच नव्हता. चाचणीच्या काळात एका खात्यावरून दिवसाला संस्थेबाहेरच्या ५०० वेगवेगळ्या पत्त्यांवरच मेल जातो. बीसीसीत, म्हणजे एकमेकांना न दिसणाऱ्या पत्त्यांच्या रकान्यात, पन्नास जण टाकले की मेल एक दिसतो, मोजणीत मात्र पन्नास पत्ते धरले जातात. तुमच्या क्लार्कनी गट पाडून पाठवलं तरी अडकलं ते त्यामुळे. शिवाय हा 'दिवस' रात्री बाराला संपत नाही, मागच्या २४ तासांचा हिशेब सतत चालू राहतो. सकाळी पुन्हा प्रयत्न केला तेव्हाही मेल गेले नाहीत ते यामुळेच. खातं सुरू करून देतानाच हे सांगणं आमचं काम होतं, आणि आम्ही ते केलं नाही. वर त्या दिवशी तुमचे फोनही उचलले गेले नाहीत. याला माझ्याकडे सबब नाही.

आणखी एक सांगायला हवं. वर्गणी भरली की लगेच मर्यादा वाढते असं नाही. एकूण भरणा १०० डॉलरइतका झाल्यावर वर ६० दिवस जावे लागतात. तुमची सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, तेव्हा त्या वाढीची वाट बघण्यात अर्थ नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. चार जादा खाती काढून नोटिसा वाटून पाठवायच्या, ही तुम्हाला दुसऱ्या कुणी सुचवलेली युक्ती नियमात बसत नाही. लक्षात आलं तर संस्थेची सगळीच खाती बंद पडू शकतात, आणि ऑडिटरपासून कर्जदारांपर्यंत तुमचा सगळा पत्रव्यवहार त्यांवरच चालतो. ते मी करून देणार नाही.

उरलेल्या ६४० नोटिसा एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या वेगळ्या सेवेतून जातील. त्यासाठी तुमच्या डोमेनवर, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या संस्थेच्या नावावर, एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी लागतात; मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे त्यांवरून तपासलं जातं. त्या मी स्वतः कार्यालयात येऊन करतो, पैसे न घेता. खातं सुरू करण्याचे घेतलेले पैसेही परत करतो. तोवर त्या खात्यावरून नोटिसा पाठवू नका, रोजचा पत्रव्यवहार तेवढा चालू द्या.