माळ ओसाड नसतो ओ

सकाळी ग्रुपवर फोटो आला. आमच्या गावाबाहेरच्या माळावर जेसीबीनं खड्डे, रांगेत ग्लिरिसिडिया या बाहेरच्या झाडाची रोपं, खाली लिहिलंय ‘ओसाड जागा हिरवी केली’. ओसाड कुणी सांगितलं?

त्या बोराटीच्या जाळीत खर्चुडी होती. कंदीलपुष्प म्हणतात ते. खाली कंद, पाऊस पडला की वेल वर येतो, इवलंसं कंदिलासारखं फूल, आत उलटे केस, चिलट शिरलं की केस सुकेपर्यंत अडकून बसतं आणि मग पराग घेऊन सुटतं. मला आजोबांनी दाखवलेली, मेंढरं घेऊन जायचे ते. काठीनं कंद उकरला, धोतराला पुसला, अर्धा मला दिला, खड्डा बुजवला आणि म्हणाले, शेजारचा राहू दे, फुडच्या साली लागंल.

म्हणून मी दर श्रावण-भादव्यात वही घेऊन जातो. २०१९ ला २३ वेल मोजले, गेल्या साली ९. फुलावर असतानाच मोजावं लागतं, उन्हाळ्यात जाल तर तिथं काही म्हणजे काही दिसत नाही. मग ओसाड म्हणायला काय जातंय!

सोलापूरचं ऊन बघता झाडं पाहिजेत, मान्य. रस्त्याकडेला लावा की, कोण नको म्हणतंय. पण माळावर सावली पाडून कुणाचं भलं करताय? सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ ला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं ते मोकळ्या गवतासाठीच ना, आता एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. आणि २०२३ ला विशाळगडावरच्या नवीन कंदीलपुष्पाला शिवरायांचं नाव दिलं तेव्हा तुम्हीच सगळ्यांनी पोस्टी फिरवल्या, मग आपल्या दारातली खर्चुडी जेसीबीखाली कशी गेली ओ?

दुपारी जाऊन आलो. एका खड्ड्याच्या कडेला कंद अर्धा कापलेला, आत पांढरा, ओला. आजोबांनी दिलेला अर्धा आठवला आणि तिथंच बसलो थोडा वेळ.

संध्याकाळी ती रोपं लावणाऱ्या पोरांना फोन केला. भांडायलाच केलेला. पण ते म्हणाले, काका, आम्हाला खरंच माहीत नव्हतं, काय करू सांगा. मग काय बोलणार. पोरं चांगलीयत, मातीत हात घालायला तयार आहेत, हेही कमी नाही.

माझ्या गच्चीवर ११ कुंड्या आहेत, त्याच माळाच्या बियांच्या. रुईसारखी म्हातारी असते बियांना, शेंग तडकायच्या आत धरावी लागते, त्यात दोन वर्षं गेली. जाळीपलीकडचा मुरूम अजून शाबूत आहे. रविवारी ७ वाजता पोरं येतायत, आधी उरलेले वेल मोजू, मग कुंड्यांतले लावू. येणाऱ्यांनी खुरपं आणा, कुदळ नको.