काच वर असते तेव्हा

मी गाडी चालवताना शिव्या देत नाही. हे आधीच स्पष्ट करतो, कारण आमच्या घरात याबद्दल मतभेद आहेत. मी फक्त प्रश्न विचारतो. 'घरी सांगून निघालायस का?', 'रस्ता काय आंदण मिळालाय?', 'इंडिकेटर काय शोभेला बसवलाय?' प्रश्न रास्तच असतात. पण एसी चालू, काचा वर आणि ज्याला विचारलं तो केव्हाच नळ स्टॉप पार करून गेलेला. ऐकायला उरते शेजारी बसलेली बायको. परवा ती शांतपणे म्हणाली, "तो इंडिकेटर माझा नाहीये."

आई मागे असेल तर विषयच संपला. तिचा पाठिंबा कायम समोरच्या पार्टीला. उलट्या दिशेने कुणी अंगावर आला तरी, "जाऊ दे रे, डबा पोचवायचा असेल बिचाऱ्याला." रात्री साडेदहाला कसला आलाय डबा?

मला विचाराल तर हा राग उशीर होण्याचा नसतोच. आम्ही अमृततुल्यात एका चहावर अर्धा तास काढणारी माणसं. पण कर्वे रोडवर कुणी कट मारून पुढे घुसला की तीन सेकंदांचा हिशेब मागतो. इज्जतीचा प्रश्न असतो. मग दात-ओठ खात पुढच्या सिग्नलपर्यंत त्याला गाठायचं, गाडी अगदी शेजारी उभी करायची आणि त्याच्याकडे न बघता नाकासमोर बघत बसायचं. न जाणो, हेल्मेटच्या आतून सोसायटीचे सेक्रेटरी निघाले तर?

हॉर्नच्या बाबतीत तर सरकारनेही आमच्यापुढे हात टेकलेत. २०१५ साली राज्यात ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली. ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात म्हणे. आम्ही काय ट्रकची परवानगी वाचून वाजवत होतो होय? २०२० मध्ये मुंबई पोलिसांचा त्याहून भारी प्रयोग गाजला. सिग्नलला हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला ही कल्पना फार आवडली. फक्त आमच्या चौकात नको.

(स्कूटरवर असलो की माझे सगळे प्रश्न कारवाल्यांना असतात, हे ओघाने आलंच.)

याच रस्त्यावर आणखी एक प्रकार चालतो, त्याचा मला उलगडा होत नाही. तुमच्या स्कूटरचं साइड स्टँड खाली राहू दे, अर्धं गाव तुमच्या मागे लागतं. "ओ काका, स्टँड! स्टँड!" सिग्नल तोडून आलेला पोरगाही वेग वाढवून गाठतो, पायाने खूण करतो आणि निघून जातो. ओढणी चाकाकडे लोंबत असली तर रिक्षावाला रिक्षा आडवी घालून सांगतो. आभार मानायलाही थांबत नाही कुणी.

मध्यंतरी असाच एक बाइकवाला मागून हॉर्नवर हॉर्न देत आला. म्हटलं, आज याला सोडायचं नाही. सिग्नलला त्याने काचेवर टकटक केली. एक जबरदस्त वाक्य जुळवून मी काच खाली घेतली. तो म्हणाला, "मागचं दार नीट लागलं नाहीये, दादा. लहान पोरगं बसलंय."

वाक्य तोंडातच राहिलं. ते मग पुढच्या चौकात एका टेम्पोवाल्याला वापरलं. काच वर करून.