जायरो काढून बघा एकदा

‘जायरो आणि महागडी ब्रशलेस मोटर असली की नवखाही जिंकतो,’ हे रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतींवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. आम्ही काका-पुतणे इंदूरला रविवारी सकाळी मैदानात १/१० च्या (खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराच्या) गाड्या पळवतो. मागची चाकं घसरली की जायरो, म्हणजे गाडीचं वळणं ओळखणारा सेन्सर, स्टीअरिंग आपोआप उलट वळवतो, कबूल. पण गाडी आपल्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं उलटं होतं, ते त्याला काय कळणार? पुतण्या नेमका तिथेच, दर फेरीला, जुन्या टायरांच्या रांगेत घुसायचा. शेवटी जायरो काढला, हातातल्या ट्रान्समीटरवर थ्रॉटल निम्म्यावर आणला. दोन महिन्यांत पोरगं माझ्यापुढे! (माझी लिपो बॅटरी जुनी झालीय, असं मी सांगतो.)

सामानाने फरक पडतोच, नाही कोण म्हणतं? म्हणून तर १७.५ टर्नच्या स्टॉक वर्गात (सगळ्यांच्या मोटरला तारेचे १७.५ वेढे) स्पीड कंट्रोलरचं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचं, टायमिंग शून्यावर ठेवायला लावतात. त्याच्यावरचा दिवा लुकलुकला की समजायचं, बूस्ट (टायमिंग वाढवून मिळणारा जादा वेग) बंद आहे. तरीही पुढे तेच दोघं-तिघं का असतात, हे लेखकाने सांगावं. आणि पैसे घालवायचेच असतील, तर आधी टायर घ्या.