मामींचा आवाज आणि माझा डावा हात

अरेंजर कीबोर्ड ज्याने कोणी शोधला त्याने कानबाई देवीच्या जागरणाला कधी साथ केलेली नसणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

कल्पना तशी झकास आहे. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरायचा की आतून ढोलक, बास, गिटार सगळं आपोआप सुरू, उजव्या हाताने आपण चाल वाजवायची. एका माणसात अख्खी ऑर्केस्ट्रा पार्टी आणि जेवायला पान एकच, त्यामुळे यजमानही खूश. अडचण एवढीच की ही आतली पार्टी कोणाचं काही ऐकून घेत नाही. तुम्ही उजव्या हाताने जीव ओतून हळुवार वाजवा नाहीतर सरळ पट्ट्यांवर बसा, तिचा ढोलक आपल्याच मस्तीत.

आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर अहिराणी गाणी होतात आणि सोमवारी विसर्जन. मामाच्या गावी, पाचोऱ्याकडे, गायच्या त्या आमच्या मामीच. मामींची पहिली ओळ माजघराच्या बाहेर जात नाही आणि तिसरी थेट एसटी स्टँडपर्यंत जाते. ढोलकीवाले आप्पा होते तोवर याचं कोणाला काही वाटत नव्हतं, मामींनी श्वास घेतला की आप्पांचा हात आपोआप उतरायचा. मग आप्पांचे गुडघे गेले, ते मुलीकडे नाशिकला गेले, आणि त्यांच्या जागेवर मी आलो, अडॅप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्डासकट. पहिल्याच गाण्यात मामी थांबल्या.

"ए भो, तुनं ते मशीन दाब ना जरा, मना आवाज मालेच आयकू येत नही!"

मग काय, मॅन्युअल काढलं. त्यात कळलं की साथीलाही टच लावता येतो. बऱ्याच अरेंजरमध्ये ही सोय असते, यामाहावाले तिला स्टाईल टच म्हणतात. ऑन केलं की डाव्या हाताने कॉर्ड जोरात मारला तर साथ मोठी, हळू मारला तर बारीक. आता हा जोर मशीनला कळतो कसा, तर कळतच नाही. पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात, पट्टी खाली जाताना आधी एक लागतो मग दुसरा, आणि मधे किती वेळ गेला त्यावरून १ ते १२७ मधला एक आकडा ठरतो. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपसात बोलायची भाषा, १९८३ पासून तिचा कारभार याच आकड्यांवर चाललाय. म्हणजे दातओठ खाऊन पण सावकाश दाबलंत तर मशीनच्या लेखी तुम्ही आजारी, आणि मच्छर मारायला हात झटकन पडला तर तुम्ही भयंकर पेटलेले.

बरं, हा हिशेब फक्त कॉर्डच्या बाजूचा. सगळा भाव माझ्या उजव्या हातात, त्याची विचारपूस नाही. तरी तेही चालवून घेतलं असतं, पण आकडा ठरतो कॉर्ड मारण्याच्या क्षणाला, आणि आमची गाणी अशी की एक कॉर्ड धरला तर तो सोडायचं कारण चहा येईपर्यंत मिळत नाही! पहिल्या ठोक्याला जो आवाज लागला तोच पुढची सगळी कडवी. मग मी तोच कॉर्ड दर ओळीला उगाच नव्याने मारायला लागलो तर मामा शेजाऱ्यांना म्हणाले, याचं बटन अडकतंय वाटतं.

शिवाय नुसतं व्हॉल्यूम उतरलं म्हणजे ढोलक हळू वाजत नाही, तो शेजारच्या गल्लीतल्या लग्नात जोरात वाजल्यासारखा ऐकू येतो. आप्पा हळू वाजवायचे तेव्हा थापच बदलायची, पंजा जाऊन नुसती बोटं यायची. ते आणायचं तर आतल्या प्रत्येक ठोक्याचाच आकडा बदलायला पाहिजे, तशी सोय वरच्या मॉडेलांत असते आणि वरच्या मॉडेलांची किंमत माझ्या वरची असते. कॉर्गच्या पीए सिरीजमध्ये तर डावा हात जोरात पडला की ब्रेक, म्हणजे ताल मधेच तोडणारा तुकडा, वाजेल किंवा तालच चालू-बंद होईल असंही लावता येतं म्हणे. मच्छरांच्या दिवसांत मी ते लावणार नाही.

राहिला एक्स्प्रेशन पेडल. तो साथीच्या व्हॉल्यूमला जोडला की कॉर्ड न सोडता आवाज वरखाली करता येतो. पण कानबाईपुढे सगळे सतरंजीवर मांडी घालून बसतात. पेडल पायाचा, आणि पाय मांडीत. गुडघ्याने दाबून पाहिला तर तो घसरत घसरत हळदीकुंकवाच्या ताटापर्यंत गेला. शेवटी बहिणीच्या पोराला शेजारी बसवलं, पेडल त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, माझ्याकडे बघत राहा, मी मान हलवली की कमी.

त्या पोराने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तो मामींच्या तोंडाकडे बघत बसला, मामींची मान खाली गेली की पेडल मागे, टाळी डोक्यावर गेली की पेडल पुढे, आणि साथ अशी काही लागली की मामांना वाटलं मी रिपेअर करून आणला. एकच्या सुमाराला मात्र तो पेडलवरच आडवा झाला, पूर्ण दाबून. अख्खी गल्ली जागी झाली. मामींनी डोळेही उघडले नाहीत, आवाज एक पट्टी वर नेला आणि गातच राहिल्या.

सकाळी बिदागी वाटायची वेळ आली. मी पुढे सरकलो. मामी म्हणाल्या, "पहिले पोऱ्याले दे. मंग उरनं तं या मशीनवाल्याले."