अति तिथे पाणी

बोट घेतली तेव्हा वाटलं होतं, आता आपला संबंध पाण्याशी येणार. आला. पण आधी ग्रीसशी आला.

बोट घेणारा माणूस इंजिन सुरू करून बघतो, तळ ठोकून बघतो, सुकाणू फिरवतो आणि शेवटी त्याच सुकाणूमागे बसून फोटो काढून घेतो. बोट गाडीमागे ओढून न्यायच्या ट्रेलरकडे कोणी ढुंकून बघत नाही. ट्रेलर म्हणजे बोटीची चप्पल, ती काय बघायची? फरक इतकाच की चप्पल तुटली तर माणूस अनवाणी चालू शकतो. बोट चालू शकत नाही.

मी मात्र सुरुवातीपासून ट्रेलरची काळजी घेणाऱ्यांतला. इतकी, की सगळं रामायण त्या काळजीतूनच घडलं. आमच्या ट्रेलरच्या दोन्ही हबांच्या, म्हणजे चाकांच्या मधल्या, बेअरिंगं बसतात त्या पोकळ भागांच्या, तोंडावर स्प्रिंगवाली टोपी आहे. ग्रीस गनने आत ग्रीस भरलं की टोपीतली चकती बाहेर सरकते, आणि तिच्यामागची स्प्रिंग आतल्या ग्रीसला सतत हलकासा रेटा देत राहते, म्हणजे पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही. चकती जराशी बाहेर आली की थांबायचं. हे सगळं मला माहीत होतं. पण ग्रीस गन हातात आल्यावर थांबता येणं ही वेगळी साधना आहे. दर रविवारी मी दोन्ही चाकांना चार-चार दट्टे द्यायचो, आणि मग मनाच्या समाधानासाठी आणखी दोन. पगार कुठे जातो हे मी दर महिन्याला विचारतो. ग्रीस कुठे जातंय, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

त्या रविवारी आम्ही निघालो आणि तासाभराने बायको म्हणाली, "अहो, मागे काहीतरी घुरघुरतंय."

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

थोड्या वेळाने रस्ता चांगला झाला, घुरघुर तशीच राहिली. मग मी टायरांवर ढकललं, टायरांवरून वाऱ्यावर. वारा पडल्यावर ढकलायला काही उरलं नाही, आणि तेवढ्यात जळका वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली. अशा वेळी हबला हात लावून बघायचा असतो. कोमट लागला तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग गेलं. मी हात ठेवला आणि उचलला. निदान व्हायला तेवढा वेळ पुरला.

घरी परतताना एका मोठ्या गाडीवर ट्रेलर, ट्रेलरवर बोट, अशी तीन मजली मिरवणूक निघाली. मागच्या काचेतून बघत मुलगी म्हणाली, "बाबा, आपली बोट पहिल्यांदाच इतकी उंच गेली."

मिस्त्री आले, चाकाशेजारी उकिडवे बसले आणि रिमच्या आतल्या बाजूवरून त्यांनी बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"साहेब, ग्रीस कोण भरतं?"

"मीच!" मी छाती काढून म्हणालो. "दर रविवारी."

"तरीच."

या एका शब्दात जेवढा अपमान मावतो तेवढा आपल्या भाषेतल्या कुठल्याही शिवीत मावत नाही.

झालं होतं ते असं. हबच्या मागच्या तोंडाला ऑइल सील असतं, म्हणजे लोखंडी कडी आणि तिला आतून रबराची ओठासारखी कड. हब भरल्यावरही मी दट्टे देत राहिलो तेव्हा ग्रीसला जायला जागा राहिली नाही, आणि त्याने सीलच ढकलून बाहेर काढलं. पुढे दर रविवारी मी पुढच्या दाराने भरत होतो आणि ग्रीस मागच्या दाराने निघून रिमला लागत होतं. दार उघडं म्हटल्यावर पाणीही आलं. अति तिथे माती म्हणतात. आमच्याकडे अति तिथे पाणी.

आता पाणी आत कसं शिरतं, हे मला मिस्त्रींनी नाही, माझ्याच शाळेतल्या विज्ञानाने शिकवायला हवं होतं. ट्रेलरची चाकं लहान. 53 सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी 80 किलोमीटरला मिनिटाला सुमारे 800 फेरे घेतं. हब तापतो, आतली हवाही तापते. मग आपण काठावर पोचतो आणि उत्साहाच्या भरात ट्रेलर थेट पाण्यात ढकलतो. हब थंडगार, आतली हवा आकसते. ती 80 अंशांवरून 25 अंशांवर आली, तर बंदिस्त जागेतला दाब साधारण 15 टक्क्यांनी उतरतो. चाक 30 सेंटिमीटर बुडालं तरी बाहेरच्या पाण्याचा जोर वाढतो जेमतेम 3 टक्के. म्हणजे पाणी आत घुसत नाही, हबच त्याला आत ओढून घेतो! सील धड असेल तर तो तोंड मिटून बसतो. आमच्या हबचं तोंडच मी उघडून ठेवलं होतं.

टोपी काढली तर आतून दुधाळ, तांबूस, फेसकटलेलं काहीतरी निघालं. ते ग्रीस होतं यावर माझा विश्वास बसेना, आणि ग्रीस तसं होतं यावर बायकोचा बसेना. बाहेरचं बेअरिंग हातात आलं तेव्हा त्याच्या रुळांवर देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे. आतलं तर बाहेर यायलाच तयार नव्हतं. त्याचा कोन, म्हणजे आतली कडी, तापून स्पिंडलला, म्हणजे ज्यावर चाक फिरतं त्या दांड्याला, असा चिकटला होता, की छिन्नी, हातोडी आणि मिस्त्रींचे काही खास शब्द एकत्र लागल्यावरच तो सुटला.

ही बेअरिंगं टेपर रोलरची, एका बाजूला निमुळत्या रुळांची. हेन्री टिमकेन नावाच्या बग्ग्या बनवणाऱ्या गृहस्थाने 1898 साली त्यांचं पेटंट घेतलं. वरून येणारं वजन आणि वळणावर आडवा बसणारा रेटा, दोन्ही झेलणारी युक्ती. सव्वाशे वर्षं जगाची चाकं तिच्यावर फिरताहेत. तिच्यात पाणी भरण्याची युक्ती मात्र माझी.

पुढचा दिवस रॉकेल, चिंध्या आणि एक पत्र्याचा डबा यांत गेला. नट, वॉशर, टोप्या, जे सुटेल ते मी डब्यात टाकत होतो. घरी उभ्या बोटीत पावसाचं पाणी साचू नये म्हणून काढलेलं बुडाचं बूचही त्यातच होतं. शिस्त म्हणजे शिस्त. धुतलेलं बेअरिंग वाळवायला मी हवेचा पाइप उचलला आणि गरगर फिरवणार, तोच मिस्त्री ओरडले. वाऱ्याच्या झोतावर मोकळं बेअरिंग फिरवलं तर रूळ निखळून गोळीसारखे उडू शकतात. मी पाइप ठेवला. तोपर्यंत माझ्या मते मी काही धोकादायक करतच नव्हतो.

माझा विचार होता, हबमधला जुना कप, म्हणजे रूळ ज्यात फिरतात ती बाहेरची कडी, तसाच राहू द्यावा, फक्त कोन नवे घालावेत. मिस्त्री म्हणाले, "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधायचा नाही, साहेब." कपावर जुन्या रुळांची झीज उमटलेली असते, ती नव्यालाही लावते आपलं वळण. म्हणून जोडीच बदलायची. जुना कप पितळी पंचाने आतून ठोकत काढला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, तिरका होऊ न देता. नवे कप आदल्या रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवले होते, थंडीने जरासे आकसतात आणि सोपे बसतात. बायकोने सकाळी फ्रीजर उघडला, बर्फाच्या ट्रेशेजारी लोखंडी कड्या बघितल्या आणि काही न बोलता बंद केला. लग्नाला अठरा वर्षं झाली की काही प्रश्न आपोआप गळतात.

मग ग्रीस भरणं. तळहातावर गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यात रुतवत ओढायची, रुतवायची, ओढायची, जोवर वरच्या फटींतून ग्रीस डोकावत नाही. ते डोकावलं की फार समाधान वाटतं. नेमका त्याच क्षणी फोन वाजतो, आणि तो कानाखाली धरायला खांद्याने उचलता येत नाही, हे तेव्हाच कळतं. आणखी एक गंमत: ग्रीस म्हणजे तेलात साबण घालून घट्ट केलेला पदार्थ, आमच्या डब्यात लिथियमचा साबण होता. म्हणजे दोन तास मी साबणातच हात घालून बसलो होतो, आणि ते हात धुवायला मला तीनदा साबण लावावा लागला. दुसऱ्या जातीच्या ग्रीसचा उरलेला अर्धा डबा संपवायचा माझा बेतही मिस्त्रींनी हाणून पाडला. काही ग्रीसांचं आपसात जमत नाही, एकत्र आली की पातळ होऊन वाहून जातात.

शेवटचा नट मी आवळायला घेतला. मी आवळणारा माणूस आहे. नळ, बाटल्यांची झाकणं, सगळं मी असं आवळतो की घरात दुसऱ्या कोणाला उघडता येत नाही. "आवळा," मिस्त्री म्हणाले, "हब फिरवत आवळा, बेअरिंग बसू द्या." आवळला. "आता सोडा." सोडला. "आता नुसत्या बोटांनी लावा." एवढंच? एवढंच. या बेअरिंगला 0.025 ते 0.25 मिलिमीटर हालायला जागा लागते, तिथे माझ्या मनगटाचं काही काम नाही. स्प्लिट पिन घालून टोकं वळवली, लाकडी ठोकळा ठेवून नवं सील आधीच बसवलं होतं, टोपी चढवली, आणि जाता जाता मिस्त्रींनी ग्रीस गन माझ्या हातून काढून बायकोकडे दिली.

पुढच्या रविवारी घुरघुर नाही, वास नाही. काठावर पोचलो, पण मी ट्रेलर पाण्यात नेईना. हब गार व्हायला हवेत. मुलगी लाइफ जॅकेट घालून बोटीत बसली, बायको बसली, मागे दोन गाड्या लागल्या. मी या चाकावर हात ठेव, त्या चाकावर हात ठेव, तापातल्या पोराचं कपाळ बघावं तसा. अर्ध्या तासाने दोन्ही हब गार लागले, तेव्हा कुठे बोट सरकली. मी ट्रेलर वर काढला, कोरड्यावर उभा केला, धावत येऊन बोटीत चढलो आणि इंजिन सुरू केलं.

काठ बराच मागे पडल्यावर बायको म्हणाली, "अहो, पायाला पाणी लागतंय."

"लाटेचं असेल," मी म्हणालो.

"लाट कुठे आहे?"

मी खाली बघितलं. मग मला तो पत्र्याचा डबा आठवला, घरच्या कपाटात, वरच्या फळीवर, नीट झाकण लावलेला. झाकण मीच आवळलं होतं.

बोट वळवून मुलीच्या हातात बादली दिली. काठावर ट्रेलर उन्हात उभा होता. त्याच्या दोन्ही हबांत पाण्याचा एक थेंबही नसणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.