‘उंदीर बिळातच मरतो’ हे खरं नाही

हरभऱ्याला घाटे धरले की गावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो: ‘ब्रोमाडिओलोनच्या वड्या बिनधास्त टाका. उंदीर बिळातच मरतो, विष त्याच्या पोटातच संपतं, शिवाय त्यावर उतारा आहे. घुबड-कोल्ह्याला काही होत नाही.’

बिळातच मरतो? मागच्या रब्बीत भर दुपारी धुऱ्यावर एक उंदीर बसलेला दिसला. नाकाशी रक्त, केस पिंजारलेले. तुराटीनं ढोसलं तर दोन पावलं सरकला न् थांबला. वर कापशी घार एका जागी पंख फडफडवत टपलेली. मी तो उंदीर आधी उचलला. हे औषध रक्त गोठू देत नाही, पण लगेच मारतही नाही. उंदीर तीन ते सात दिवस जगतो, सुस्तावतो, उघड्यावर येतो. शिकाऱ्याच्या तावडीत असाच उंदीर आधी सापडतो.

विष पोटात संपतं, हे तर साफ चुकीचं. वडीत विष 0.005 टक्के, म्हणजे किलोमागं 50 मिलीग्रॅम. उंदरानं रात्रीत 20 ग्रॅम खाल्लं तर 1 मिलीग्रॅम पोटात गेलं. पाव किलोच्या उंदराला मरायला साधारण पाव मिलीग्रॅम पुरतं. मरण लांबतं म्हणून तो दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही खातच राहतो. हे विष यकृतात महिनोन्महिने टिकतं, आणि गव्हाणी घुबड उंदीर गिळतं ते यकृतासकट. आज एक, परवा एक, असं त्याच्या अंगात साठत जातं. कॅलिफोर्नियानं 2020 मध्ये कायदा करून ब्रोमाडिओलोनसारख्या ‘दुसऱ्या पिढीच्या’, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नव्या, जास्त जहाल उंदीरनाशकांचा बहुतेक वापर थांबवला, तो वन्यप्राण्यांसाठीच. शेतीला मात्र सूट ठेवली.

उतारा आहे, व्हिटॅमिन के-1. वेळेत दवाखान्यात नेलेल्या कुत्र्याला तो वाचवतो. रानमांजराला कोण नेणार?

उंदरांनी गंजी पोखरली की जीव कसा तळमळतो, ते मलाही माहीत आहे. औषध टाकूच नका, असं मी म्हणत नाही. आधी सगळी बिळं बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील त्यांच्यातच आमिष आत सारा, धुऱ्यावर फेकू नका. पुढचे आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ वावरात फेरी मारा. मेलेला, झिंगलेला उंदीर हाताला पिशवी गुंडाळून उचला आणि खोल पुरा. घाटेअळीसाठी आपण पक्षीथांबे रोवतो ना, रात्री त्यांच्यावरच घुबड येऊन बसतं.