आरवणारी कोंबडी

“आयरिश लोककथा पुरुषांनी रचल्या, पुरुषांनीच सांगितल्या. त्यांत बाई येते ती किंचाळणारी बॅन्शी म्हणून, नाहीतर सुटकेची वाट बघणारी राजकन्या म्हणून.” (बॅन्शी म्हणजे मृत्यूची चाहूल देणारी स्त्री-आत्मा.) हा मजकूर फिरत फिरत माझ्याकडे तीनदा आला. ठसक्यात लिहिलाय, म्हणून खराही वाटतो.

‘रचल्या’चं आधी उरकून टाकू. जुन्या गोष्टी हस्तलिखितांत उतरवल्या त्या मठांतल्या पुरुषांनी, हे मान्य. पण उतरवून घेणारा म्हणजे रचणारा नव्हे.

‘सांगितल्या’मध्ये तथ्य आहे, अर्धं. फिन मॅक कूल आणि त्याच्या फियाना टोळीच्या लांबलचक वीरकथा हा पुरुषांचा प्रांत मानत. त्या सांगणारी बाई आणि आरवणारी कोंबडी यांना एकाच पंगतीला बसवणारी आयरिश म्हणच आहे. पण जे कुणी करतच नाही, त्याच्याविरुद्ध म्हण कशाला लागेल? आणि बाकीच्या कथांचं काय? केरी परगण्यातली कथा सांगणारी पेग सेयर्स (१८७३–१९५८) लग्न होऊन ग्रेट ब्लास्केट बेटावर गेली, ती वडिलांकडून ऐकलेला कथांचा साठा घेऊनच. तिला आयरिश भाषा लिहिता-वाचता येत नव्हती. तिने तोंडी सांगितलेलं आत्मचरित्र मुलाने लिहून घेतलं आणि ते १९३६ मध्ये छापलं गेलं. पुढे आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाच्या संग्राहकाने तिच्याकडून साडेतीनशेच्या आसपास कथा उतरवून घेतल्या. (तिचं पुस्तक शाळेत सक्तीने वाचावं लागल्यामुळे कित्येक पिढ्या तिच्यावर खार खाऊन आहेत, ते वेगळं.) आयोगाचे पूर्णवेळ संग्राहक पुरुष होते, हेही ध्यानात घ्या. परक्या पुरुषासमोर घरातल्या म्हाताऱ्याला पुढे केलं जाणार, की चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोला?

आता ती वाट बघणारी राजकन्या. कोनोर राजाने डेअर्ड्राला स्वतःसाठी म्हणून लहानपणापासून सगळ्यांपासून दूर वाढवलं. सुटकेची वाट बघायला याहून चांगली जागा नाही. तिने काय केलं? नीशा नावाचा तरुण योद्धा दिसताच त्याचे दोन्ही कान धरले आणि मला घेऊन गेला नाहीस तर हे कान तुझ्या बेअब्रूचे, असं बजावलं. शेवट भयंकर होतो, पण पहिलं पाऊल तिचं आहे.

आयरिश कथांतला सगळ्यात मोठा वीर कू खुलिन. तो शस्त्रविद्या शिकला स्काहाख नावाच्या स्त्रीकडे. मेव्ह राणीचं सैन्य बैल पळवायला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतावर चालून आलं, तेव्हा तो एकटा लढला, याचं केवढं कौतुक! पण एकटा का? कारण बाकीचे योद्धे प्रसूतीच्या कळांनी लोळत होते. नवऱ्याने मारलेल्या बढाईपायी माखा नावाच्या बाईला दिवस भरलेले असताना राजाच्या घोड्यांशी शर्यत लावावी लागली होती. ती जिंकली, तिथेच जुळ्यांना जन्म दिला आणि अल्स्टरच्या पुरुषांना शाप दिला: ऐन संकटात तुम्हाला या कळा येतील, नऊ पिढ्या. हा शाप काढून टाका, कू खुलिनचा एकाकी पराक्रम उरतच नाही. आणि स्वारी करणारीही बाईच. सोडवा म्हणणारी यांत मला एकही सापडली नाही.

राहिली बॅन्शी. ती कुणाला मारत नाही. ठरावीक घराण्यांशी तिचं नातं असतं आणि त्या घरात मृत्यू व्हायचा असला की ती आधी रडते. प्रत्यक्ष गावात हे काम शोकगीत गाणाऱ्या बायका करत. ते नुसतं रडणं नव्हतं. मेलेल्याचं कूळ, त्याचे गुण, त्याच्या वैऱ्यांना शिव्याशाप, सगळं तिथल्या तिथे छंदात गुंफायचं. १७७३ मध्ये आर्ट ओलेरीला गोळी घालून मारलं, तेव्हा त्याची बायको आयलीन ओकॉनेल हिने असं शोकगीत केलं. त्यात ती सांगते की त्याचं रक्त मी ओंजळीने प्यायले. हे गीत तोंडीच फिरत राहिलं. १८०० च्या सुमारास ते कागदावर आलं, कॉर्क परगण्यातल्या नोरी सिंगलटन नावाच्या शोकगायिकेने म्हणून दाखवल्यावर.